चार रंगांची भाषा

एखाद्या गृहस्थासमोर हळकुंड ठेवून त्याचा रंग विचारला, आणि त्यानें एक शब्द उच्चारला. मग पिंपळाचें पान पुढें केलें; त्यानें तोच शब्द उच्चारला. अखेरीस खिडकी उघडून आश्विनांतल्या निरभ्र आकाशाकडे बोट दाखविलें. उत्तर पुन्हा तेंच. असें झाल्यास ऐकणाराच्या मनांत पहिला विचार येईल तो हा कीं, या गृहस्थाच्या दृष्टींत कांहीं तरी दोष असला पाहिजे. विचार स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मोठमोठ्या विद्वानांच्या मनांतहि तो आला आणि त्यांनीं त्यावर ग्रंथ लिहिले. परंतु विचार स्वाभाविक असला म्हणजे तो खरा असतोच असें नाहीं. या बाबतींत तो कोठें चुकतो, हें समजून घेण्यास एका अशा भाषेचें साहाय्य होतें कीं, ती ज्यांची म्हणून सांगितली जाते तो समाज पृथ्वीच्या पाठीवर कधींच नांदला नाहीं.

ती भाषा म्हणजे क्लिंगॉन. अमेरिकेंत १९६६ सालीं 'स्टार ट्रेक' नांवाची अंतराळप्रवासाची एक कल्पित कथामाला टेलिव्हिजनवर सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं तींत क्लिंगॉन नांवाच्या लढवय्या परग्रहवासीयांचा प्रवेश झाला. आरंभीं हे योद्धे बिनदिक्कत इंग्रजी बोलत. १९७९ च्या चित्रपटांत जेम्स डूहान या नटानें रचलेलीं कांहीं मोजकीं परकीं वाक्यें त्यांच्या तोंडीं आलीं. आणि १९८४ सालीं तिसरा चित्रपट निघाला तेव्हां त्यांना खरीखुरी भाषा देण्याचें काम मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे आलें. ओक्रँड यांनीं १९७७ सालीं बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती, ती मुत्सुन या कॅलिफोर्नियांतील एका लुप्त आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. जुन्या टिपणांवरून गेलेली भाषा उभी करणाऱ्या पंडितानें आतां कधींच नसलेली भाषा उभी केली. १९८५ सालीं तिचा कोश आणि व्याकरण एकाच पुस्तकांत प्रसिद्ध झालें.

ही भाषा परकी वाटावी अशीच तिची घडण आहे. वाक्यांत कर्म प्रथम, क्रियापद नंतर आणि कर्ता अखेरीस येतो. जगांतील फारच थोड्या भाषांत हा क्रम आढळतो. मात्र मराठी कानाला तिचे कांहीं वर्ण अगदीं घरचे वाटतील. इंग्रजी बोलणाऱ्यांना कष्टानें शिकावा लागणारा मूर्धन्य 'ड' तिच्यांत आहे. आणि मराठी माणसाच्या लिहिण्यांत उरलेला, पण बोलण्यांत बहुधा 'श' मध्यें मिसळून गेलेला 'ष'हि तिच्यांत आहे.

या भाषेंत रंगांचे मूळ शब्द अवघे चार आहेत. काळ्याला 'किज' आणि पांढऱ्याला 'चिष'. तांबड्यापासून नारिंगीपर्यंतच्या साऱ्या छटांना 'डोक'. आणि हिरवा, निळा व पिवळा या तिन्ही रंगांना मिळून एकच शब्द, 'षुड'. हळकुंड, पान आणि आकाश यांना एकच उत्तर देणारा आरंभींचा गृहस्थ क्लिंगॉन बोलत होता, असें समजावयास हरकत नाहीं.

हे चार शब्द विशेषणें नसून क्रियापदें आहेत, ही त्यांतली खरी मौज. क्लिंगॉन व्याकरणांत विशेषण म्हणून शब्दांची निराळी जातच नाहीं. 'डोक' याचा अर्थ 'तांबडा' असा नसून 'तांबडा असणें' असा आहे. 'डुज' म्हणजे जहाज. 'डोक डुज' असें म्हटलें तर 'जहाज तांबडें आहे' असें पुरें वाक्य झालें. क्रम उलटून 'डुज डोक' म्हटलें तर 'तांबडें जहाज' एवढाच अर्थ निघाला. चालणें, झोपणें, लढणें ह्या जशा क्रिया, तसेंच तांबडें असणें हीहि एक क्रियाच. आणि इतर क्रियापदांना लागणारे प्रत्यय तिलाहि लागतात. एका प्रत्ययानें 'तांबडें होणें', दुसऱ्यानें 'तांबडें करणें', तिसऱ्यानें 'अतिशय तांबडें असणें' असे अर्थ सिद्ध होतात. हें ऐकून नवल वाटण्याचें कारण नाहीं. पितळेचें भांडें 'काळवंडतें', जागरणानें डोळे 'तांबारतात', तेव्हां मराठींतहि रंग क्रियापदाचाच वेष घेऊन येतो. मराठीनें जें क्वचित् केलें तें क्लिंगॉननें नियम म्हणून केलें, इतकेंच.

आतां प्रश्न असा कीं, ज्याच्याजवळ चारच शब्द आहेत त्याला पिवळें फूल आणि हिरवें पान यांतला भेद सांगावयाचा झाल्यास त्यानें काय करावें? ओक्रँड यांनीं १९९७ सालच्या आपल्या एका पुढील पुस्तकांत या गोष्टीचा खुलासा केला आहे. वस्तु 'षुड' आहे आणि उजळ आहे, असें दोन क्रियापदांनीं म्हटलें कीं पिवळा रंग समजावा. नारिंगी सांगावयाचा तर वस्तु 'डोक' आहे आणि अमुक एका खनिजासारखी आहे, असें म्हणावें. तपकिरी सांगावयाचा तर ती 'डोक' आहे आणि क्लिंगॉनांच्या जगांतल्या एका प्राण्याच्या ओठांसारखी आहे, असें म्हणावें. सारांश, शब्द चारच असले तरी रंग चार नाहींत. जेथें शब्द संपतो तेथें उपमा सुरू होते.

तपकिरी रंगासाठीं प्राण्याच्या ओठांची उपमा ऐकून हसूं येणें साहजिक आहे. परंतु मराठी मनुष्यानें हसण्यापूर्वीं 'तपकिरी' हा शब्दच क्षणभर न्याहाळून पाहावा. तपकीर म्हणजे नाकांत ओढावयाची तंबाखूची पूड. तंबाखूचें झाड मूळ अमेरिका खंडांतलें. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर तें या देशांत आलें. म्हणजे मराठी भाषेंत हा रंग तपकिरीच्या नांवानें वावरूं लागला तो त्यानंतरच. त्याआधीं महाराष्ट्रांतील माणसांना झाडाच्या खोडाचा आणि वाळल्या पाचोळ्याचा रंग दिसत नव्हता, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. तो दिसत होताच. फक्त त्याला हें नांव नव्हतें. जांभळा जांभळापासून, अंजिरी अंजिरापासून, डाळिंबी डाळिंबापासून, राखाडी राखेपासून, पोपटी पोपटापासून, मोरपंखी मोराच्या पिसापासून, अशी ही यादी कितीहि लांबवितां येईल. मराठीच्या रंगपेटींतील निम्म्या कांड्या फळबागेंतून आणि रानांतून उचललेल्या आहेत. क्लिंगॉन बोलणारा 'अमक्यासारखें आहे' असें पुरें वाक्य म्हणतो. मराठी बोलणारा तेंच एका प्रत्ययांत आटोपतो.

पृथ्वीवरील इतर भाषांतहि हाच व्यवहार आढळतो. व्हिएतनामच्या भाषेंत हिरवा व निळा या दोहोंस एकच शब्द आहे. भेद सांगावयाचा झाल्यास एकाला झाडाच्या पानाचा आणि दुसऱ्याला आभाळाच्या त्वचेचा असें म्हणतात. जपानांत हिरव्यासाठीं निराळा शब्द रूढ झाल्यावरहि रस्त्यावरच्या हिरव्या दिव्याचा उल्लेख 'आओ' या निळ्याच्याच जुन्या शब्दानें होतो, आणि तो पाहून गाडी हांकणारा कधीं घोटाळ्यांत पडत नाहीं. संस्कृतांतहि 'हरि' आणि 'हरित' यांच्या पोटांत पिवळा व हिरवा हे दोन्ही रंग नांदतात. हळदीचें 'हरिद्रा' हें नांव त्याच कुळांतलें; 'हिरवा' हाहि त्याच कुळांतला. 'श्याम' शब्दाचेंहि तसेंच. तो मेघालाहि लागतो आणि दूर्वेच्या पात्यालाहि लागतो. रामाला दूर्वादलश्याम म्हणणाऱ्या भाविकाला काळें आणि हिरवें यांतला फरक कळत नव्हता असें नाहीं.

तरीहि 'शब्द नाहीं म्हणून दृष्टि नाहीं' हा तर्क एके काळीं मोठ्या गांभीर्यानें मांडला गेला. पुढें चार वेळां ब्रिटनचा मुख्य प्रधान झालेला ग्लॅडस्टन हा होमरचा निष्ठावंत अभ्यासक होता. १८५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथांत त्यानें असें दाखविलें कीं, होमरच्या काव्यांत रंगांचे शब्द थोडे आणि विचित्र आहेत. समुद्राला आणि बैलांना मद्याची उपमा आहे, मधाला हिरवटपणा सांगितला आहे, आणि निळ्या रंगाचा निःसंदिग्ध उल्लेख कोठेंच नाहीं. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, त्या वीरयुगांतील ग्रीकांची रंगदृष्टि अर्धविकसित होती. १८६७ सालीं लाझारस गायगर या जर्मन पंडितानें हीच शंका इतर प्राचीन वाङ्मयांबद्दल काढली. ऋग्वेदांत आकाशाची इतकी स्तुति असूनहि तें निळें असल्याचा उल्लेख नाहीं, ही गोष्ट त्याच्याच ध्यानांत आली. पुढें १८७७ सालीं ह्यूगो माग्नुस या नेत्रवैद्यानें तर मनुष्याचा डोळा ऐतिहासिक काळांतच क्रमाक्रमानें रंग ओळखावयास शिकला, असा सिद्धान्त मांडला.

हा वाद केवळ ग्रंथालयांत राहिला असता तर त्याचें फारसें कांहीं बिघडलें नसतें. परंतु तें युग साम्राज्यांचें होतें. ज्या समाजांच्या भाषेंत रंगांचे शब्द थोडे, ते समाज मानवी विकासाच्या खालच्या पायरीवर आहेत असें म्हणावयास हा तर्क उपयोगी पडत होता. आणि राज्य करणाऱ्याला असे तर्क नेहमींच सोयीचे असतात. शब्दकोशांतील एका रिकाम्या जागेवरून जिवंत माणसांच्या डोळ्यांवर आणि डोळ्यांवरून त्यांच्या बुद्धीवर निकाल दिला जाऊं लागला.

सुदैवानें या तर्काची परीक्षा करणें शक्य होतें, आणि ती झाली. माग्नुस यानेंच दूरदूरच्या प्रदेशांतील मिशनरी व व्यापारी यांच्याकडे प्रश्नावली धाडून माहिती मागविली. १८८० सालीं बाहेर आलेला निष्कर्ष त्याच्या स्वतःच्याच सिद्धान्ताविरुद्ध गेला. ज्यांच्या भाषेंत हिरव्या-निळ्याला एकच नांव होतें, त्यांनाहि त्या रंगांचे नमुने डोळ्यांनीं अचूक वेगळे करतां येत होते. एकदां प्रसिद्ध केलेलें मत पुराव्यापुढें सैल करण्याचा हा प्रामाणिकपणा त्याच्या पदरांत घातला पाहिजे.

विसाव्या शतकांत हा विषय अधिक पद्धतशीरपणें हाताळला गेला. १९६९ सालीं ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या बर्कलीच्याच दोघां संशोधकांनीं ९८ भाषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, भाषांतील मूळ रंगशब्दांची वाढ हवी तशी होत नसून तिला क्रम असतो. दोनच शब्द असतील तर ते काळा आणि पांढरा, तिसरा आला तर तांबडा, मग हिरवा किंवा पिवळा, मग त्यांतला उरलेला, त्यानंतर निळा, त्यानंतर तपकिरी, आणि जांभळा, गुलाबी, नारिंगी, करडा हे सर्वांच्या शेवटीं. टीका पुष्कळ झाली, सिद्धान्तांत दुरुस्त्याहि झाल्या. १९७६ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणींत लिपी नसलेल्या ११० भाषांच्या बोलणाऱ्यांना रंगांचे ३३० तुकडे दाखवून नांवें विचारण्यांत आलीं. पिवळा, हिरवा आणि निळा यांस मिळून एकच नांव असलेल्या भाषाहि या संशोधनांत आढळल्या. अर्थात् क्लिंगॉनांचा 'षुड' वाटतो तितका परग्रहावरचा नाहीं. त्याचे सगेसोयरे पृथ्वीवरच आहेत.

मग शब्दाचा दृष्टीवर कांहींच परिणाम होत नाहीं काय? येथेंहि उतावीळपणें उत्तर देतां येत नाहीं. न्यू गिनींतील डानी लोकांच्या भाषेंत रंगांचे मूळ शब्द दोनच आहेत, एक उजळ रंगांसाठीं आणि एक गडद रंगांसाठीं. एलिनॉर रॉश या संशोधिकेनें १९७२ च्या सुमारास असें नमूद केलें कीं, जे ठळक रंग अमेरिकन मनुष्य चांगले लक्षांत ठेवतो तेच डानी मनुष्यहि चांगले लक्षांत ठेवतो. पुढें २००० सालीं त्याच बेटावरील बेरिन्मो लोकांच्या अभ्यासावरून या निष्कर्षाला हरकत घेण्यांत आली. रशियन भाषेंत गडद निळ्याला 'सीनी' आणि फिकट निळ्याला 'गलुबोय' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, दोन निळ्या छटा या दोन शब्दांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे पडल्या म्हणजे रशियन मनुष्य त्यांतला भेद क्षणाच्या एका अंशानें लवकर ओळखतो. इंग्रजी बोलणाऱ्याचें तसें होत नाहीं. म्हणजे शब्द डोळ्याला निर्माण करीत नाहीं, पण चालतांना त्याला हाताला धरून किंचित् लवकर नेतो. यापलीकडे जाऊन कोणत्याहि समाजाला आंधळा ठरविण्याचा अधिकार शब्दकोशाला नाहीं.

कृत्रिम भाषांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांच्या कर्त्यांच्या मनाचाहि ठाव लागतो. १८८७ सालीं झामेनहॉफ यांनीं एस्पेरांतो प्रसिद्ध केली ती सर्व राष्ट्रांना परस्परांशीं बोलतां यावें म्हणून. साहजिकच तींतील रंगांचे शब्द युरोपीय भाषांच्याच सांच्यांतले आहेत, आणि फ्रेंच वा इंग्रजी मनुष्यास ते शिकण्यास कष्ट पडत नाहींत. उलट २००१ सालीं सोन्या लँग यांनीं निर्माण केलेली टोकी पोना ही सुमारें सव्वाशे शब्दांची भाषा थोडक्यांत भागविण्याचें व्रत घेऊन निघालेली आहे. तींत रंगांचे शब्द पांचच. हिरव्या-निळ्याला मिळून 'लासो', पिवळ्याला 'येलो', तांबड्याला 'लोये'. तांबड्याला पिवळ्याचा जोड दिला कीं नारिंगी, निळ्याचा जोड दिला कीं जांभळा. चित्रकार पाटीवर रंग मिसळतो, तसे येथें शब्द मिसळावयाचे. पहिल्या भाषेनें सोय पाहिली, दुसरीनें साधेपणा पाहिला. क्लिंगॉननें निराळेपणा पाहिला. परंतु तिघींच्याहि बोलणाऱ्यांना फुलाचा नेमका रंग सांगतां येतो.

क्लिंगॉनबद्दल एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. ही भाषा चित्रपटाच्या पडद्यावर थांबली नाहीं. १९९२ सालीं अमेरिकेंत तिच्या अभ्यासासाठीं एक संस्था निघाली. २००० सालीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचें क्लिंगॉन भाषांतर पुस्तकरूपानें बाजारांत आलें. हौसेनें ही भाषा शिकणाऱ्यांच्या घरांत निळे पडदे असतात, हिरवी भाजी येते, पिवळीं फुलें असतात. त्यांच्या मातृभाषेंत या तिन्ही रंगांना वेगवेगळे शब्द आहेत. एखादा नवा शब्द बनवून ही अडचण दूर करणें त्यांना अशक्य नव्हतें. परंतु ओक्रँड यांच्याकडून आलेलाच शब्द प्रमाण मानावयाचा, हा दंडक त्यांनीं स्वतःवर घालून घेतला आणि तो पाळला. मग निळ्या पडद्यासाठीं आणि पिवळ्या फुलासाठीं त्यांना प्रत्येक वेळीं थांबावें लागतें, वस्तूकडे पुन्हा पाहावें लागतें, आणि ती कशासारखी दिसते हें शोधावें लागतें. ज्याच्याजवळ तयार शब्द आहे तो शब्द फेंकून पुढें जातो. ज्याच्याजवळ नाहीं त्याला पाहणें भाग पडतें. शब्दांची टंचाई म्हणजे दृष्टीची टंचाई, असें म्हणणाऱ्या जुन्या पंडितांना याहून चांगलें उत्तर मिळणें कठीण.

म्हणून आरंभींच्या त्या गृहस्थाकडे परत जावें. हळकुंड, पिंपळाचें पान आणि आकाश या तिघांना त्यानें एकच नांव दिलें, एवढ्यावरून त्याच्या डोळ्यांची चौकशी करूं नये. त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: "तें कशासारखें आहे?" मग तो सांगेल कीं एक उजळ आहे, एक पानासारखें आहे आणि एक आभाळासारखें आहे. ग्लॅडस्टनच्या काळांतल्या विद्वानांनीं दूरच्या लोकांबद्दल पुष्कळ लिहिलें. पण हा दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वींच निकाल लिहून ठेवला. दुसऱ्याची भाषा शिकणाराला त्यापासून घेण्यासारखा धडा आहे. परक्या भाषेंत जो शब्द सांपडत नाहीं, त्याच्या जागीं ती भाषा काय बोलते तें आधीं ऐकून घ्यावें.